पवनचक्कीचा दुसरा दिवस

चिकोडी तालुक्यात आमचं शेत आहे आणि शेतात सासऱ्यांच्या वेळचं घर. २०२० साली कॉलेजं बंद पडली तेव्हा डिप्लोमाला असलेला माझा पुतण्या आमच्याबरोबर तिथं येऊन राहिला. पहिले पंधरा दिवस त्यानं झोपून काढले. मग एके दिवशी भंगारातून एक मोटर घेऊन आला. पाण्याचा जाड पाइप उभा चिरून त्याची तीन पाती केली, पत्र्याचं शेपूट लावलं आणि बोअरच्या जुन्या लोखंडी पाइपावर सगळं चढवून गोठ्यामागं उभं केलं. खाली ट्रॅक्टरची जुनी बॅटरी. आषाढाचा वारा होता. दिवेलागणीला गोठ्यात बल्ब लागला.

सासूबाईंनी विचारलं, "ह्याचं बिल कुणाच्या नावावर येतंय?"

"वाऱ्याच्या, आज्जी," पुतण्या म्हणाला. सगळे हसले. आजूबाजूच्या मळ्यांतली माणसं बघून गेली, फोटो काढले गेले, बेळगावच्या नातेवाइकांना पाठवले गेले. दुसऱ्या दिवसापासून मात्र तिच्याकडं कुणी मान वर करून बघितलं नाही. महिनाभरानं ती कुईं कुईं करायला लागली. मी दोनदा सांगितलं. "तेल घालतो काकू," म्हणाला. घातलं नाही.

श्रावणात एका रात्री वारं सुटलं. सकाळी बघते तर एक पातं तुटून वीस-पंचवीस पावलांवर, धुण्याच्या दगडापाशी पडलेलं. दगडाचा कोपरा उडाला होता. आमच्याकडं धुण्याला येणाऱ्या मावशी रोज सकाळी त्याच दगडावर बसतात.

मी पुतण्याला म्हटलं, "आजच्या आज खाली उतरव."

"पहिलीच आहे की काकू. चुका होणारच."

"पातं तुटलं ही चूक नाही. महिन्याभरात तू एकदा तरी वर चढून बघितलंस का, ते सांग."

तो गप्प बसला. चक्की दोरीनं बांधून ठेवली. पुढं तो परीक्षेसाठी बेळगावला गेला आणि त्यानं जमवलेली पुस्तकं आणि कागद माझ्याकडं राहिले. मी बी.ए.ला इतिहास घेतलेली बाई. मला त्यातली यंत्रं फारशी कळेनात, गोष्टी मात्र कळल्या. म्हणून मी ते सगळं इतिहासासारखं वाचलं आणि प्रत्येक गोष्टीत एकच प्रश्न विचारत गेले : दिवा लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी काय झालं?

पहिली गोष्ट स्कॉटलंडची. जेम्स ब्लाइथ हे ग्लासगोच्या अँडरसन्स कॉलेजातले प्राध्यापक. मेरीकर्क नावाच्या खेड्यात त्यांचं सुट्टीत राहायचं घर होतं. १८८७ च्या जुलैत त्यांनी घराच्या बागेत एक पवनचक्की उभी केली. उंची साधारण १० मीटर, आणि आजच्यासारखी पंख्याच्या पात्यांची नव्हे, तर कापडी शिडं लावलेली, उभ्या दांड्याभोवती गोल फिरणारी. तिची वीज बॅटऱ्यांमध्ये साठवून त्यांनी घरात दिवे लावले. वाऱ्याच्या विजेवर उजळलेलं जगातलं पहिलं घर ते हेच, असं मानलं जातं.

वीज उरायला लागली तेव्हा प्राध्यापकांनी गावकऱ्यांना सांगितलं, की तुमच्या मुख्य रस्त्यावर दिवे लावून देतो. गावानं नको म्हटलं. ही वीज म्हणजे सैतानाची करणी आहे, असं लोकांचं म्हणणं. हा किस्सा सगळीकडं हसण्यासाठी सांगितला जातो. मीही आधी हसले. मग आमचा धुण्याचा दगड आठवला. यंत्र प्राध्यापकांच्या बागेत, त्याची विद्या प्राध्यापकांच्या डोक्यात, आणि प्राध्यापक सुट्टी संपली की ग्लासगोला. भर थंडीत रस्त्यावरचा दिवा विझला तर गावानं कुणाचं दार वाजवायचं? गावकऱ्यांनी कारण सैतानाचं दिलं खरं, पण त्यांच्या जागी मी असते तर मी हा प्रश्न विचारला असता.

ब्लाइथ यांचा मोठेपणा असा, की दिवा लागल्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी रचना सुधारली, शिडांऐवजी अर्धगोल पेट्या लावल्या, आणि तशी एक चक्की माँट्रोझ इथल्या मनोरुग्णांच्या दवाखान्यात बसवली. ती तीसेक वर्षं चालली. मेरीकर्कच्या घराची चक्कीही पंचवीस वर्षं चालली म्हणतात. पंचवीस वर्षं म्हणजे किती वेळा तेल, किती वेळा शिवण, बॅटऱ्यांत किती वेळा पाणी! ज्यांनी ते केलं त्यांची नावं यंत्रावर कोरलेली नसतात.

दुसरी गोष्ट अमेरिकेची. शंभर वर्षांपूर्वी तिथल्या शहरांत वीज होती, पण शेतावरच्या घरांत कंदीलच. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दहा शेतांमागं जेमतेम एका शेतावर वीज पोचली होती. शेजारचं घर कोसभर लांब. त्यात रेडिओ निघाला आणि बॅटरीवर चालणारा रेडिओ घरोघर आला. पण बॅटरी उतरली की गाडीत घालून गावात न्यायची, भरून आणायची. तेव्हा शेतकऱ्यांनी मोडक्या मोटारीचा डायनॅमो काढला, लाकडाचं पातं तासून त्याला लावलं आणि तो छपरावर चढवला. वारा बॅटरी भरायला लागला. अशा हौशी चक्क्या त्या माळरानावर गावोगाव झाल्या.

मोंटाना राज्यातले जेकब्स बंधू असेच शेतावर वाढलेले. १९२२ च्या सुमारास त्यांनी विहिरीचं पाणी उपसणाऱ्या जुन्या चक्कीला फोर्ड गाडीचा आस जोडून बघितला. अनेक पात्यांची ती चक्की फार हळू फिरायची. पुढं मार्सेलस जेकब्स विमान चालवायला शिकले आणि त्यांच्या लक्षात आलं, की पाती थोडी हवीत आणि विमानाच्या पंख्यासारखी हवीत. आधी दोन पाती लावली. वाऱ्याची दिशा बदलून चक्कीनं तोंड फिरवलं की ती थडथडायची. तीन पाती केली आणि थडथड थांबली. आज सौंदत्तीकडच्या माळावर ज्या उंच चक्क्या दिसतात त्यांना तीनच पाती का, ह्याचं एक उत्तर हे आहे.

मला ह्यात विशेष वाटलं ते वेगळंच. दोन पात्यांची थडथड पहिल्या दिवशी कळत नाही. रोज ऐकणाऱ्याला ती कळते. स्वयंपाकघरात काम करताना मिक्सरचा आवाज बदलला की आपण हातातलं सोडून वळून बघतो ना, तसंच हे. जेकब्स बंधूंचा शोध हा कान देऊन ऐकणाऱ्या माणसांचा शोध आहे. पुढं त्यांनी कारखाना काढला, आणि त्यांच्या चक्क्यांचं नाव झालं ते टिकाऊपणासाठी.

मग १९३५ साली अमेरिकी सरकारनं ग्रामीण विद्युतीकरणाचं खातं काढलं आणि हळूहळू शेतांवर तारा पोचल्या. बटण दाबलं की दिवा. चढणं नाही, ग्रीस नाही, बॅटरीचं पाणी नाही. लोकांनी चक्क्या सोडून दिल्या. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही, मीही तेच केलं असतं. देखभालीचं काम दुसऱ्या कुणावर सोपवता येणं हे केवढं सुख आहे, ते जिनं रोज चूल सारवली आणि नंतर गॅस घेतला तिलाच विचारावं. पण गोष्ट तिथं संपली नाही. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले तेव्हा शहरांतली तरुण मुलं शेतांवर जाऊन गंजलेल्या जेकब्स चक्क्या शोधायला लागली. त्या खाली उतरवून, घासूनपुसून त्यांनी पुन्हा चालू केल्या. चाळीस वर्षांपूर्वीचं यंत्र पुन्हा फिरलं, कारण ते खोलता येत होतं.

तिसरी गोष्ट पुन्हा स्कॉटलंडची, आणि मला सर्वांत जवळची. वायव्य किनाऱ्यावर स्कोरेग नावाची लहानशी वस्ती आहे. तिथं रस्ता जात नाही. होडीनं जायचं, नाहीतर डोंगराच्या कडेनं पायवाटेनं. १९७० च्या दशकात काही तरुण तिथं राहायला गेले, त्यांत ह्यू पिगट होते. तिथं विजेची तार नाही, वारा मात्र भरपूर. पिगट यांनी भंगार गाड्यांच्या सामानातून चक्क्या करायला सुरुवात केली. आधी स्वतःपुरती, मग शेजाऱ्यांसाठी.

ह्या "शेजाऱ्यांसाठी"मध्ये सगळं आलं. आपण केलेली वस्तू शेजाऱ्याच्या घरावर असली की ती बंद पडल्यावर तोंड लपवता येत नाही. चार पावलांवर तो उभाच असतो. वारा किती फसवा असतो तेही पिगट यांच्या लिखाणातून मला नीट कळलं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते. म्हणजे रोजच्या झुळकीवर दिवा लावणारी चक्की वादळात स्वतःलाच मोडायला निघते. म्हणून त्यांच्या चक्कीचं शेपूट तिरक्या बिजागरीवर बसवलेलं असतं. वारा फार झाला की शेपूट आपोआप दुमडतं आणि चक्की वाऱ्याकडून तोंड फिरवते. जोर ओसरला की पुन्हा समोर येते. रागावलेल्या माणसासमोर घरातली शहाणी बाई काय करते, तेच.

दुसरी गोष्ट, त्यांचा खांब बुडाशी बिजागरीवर असतो आणि चारी बाजूंनी तारांनी ताणलेला. तार सोडून सगळा खांब जमिनीवर आडवा करता येतो. वर चढायची जोखीम नाही. पातं तपासायचं, लाकडाला रंग द्यायचा, बेअरिंग बदलायचं, बोल्ट आवळायचे आणि पुन्हा उभा करायचा. उतरवण्याची सोय आधी आणि उभारणी नंतर, असं ते शास्त्र आहे.

पिगट यांनी हे सगळं लिहून ठेवलं. लोखंडी तबकडीवर चुंबक कसे मांडायचे, तांब्याच्या तारेची वेटोळी किती, पातं कुठं किती तासायचं, सगळं मापासकट. त्यांच्या एका पुस्तकाच्या नावाचा अर्थच 'पवनचक्कीची पाककृती' असा होतो. त्यावरून देशोदेशी लोकांनी चक्क्या केल्या. पाककृती लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, की आपण तिथं नसताना दुसऱ्या कुणालातरी हे करायचंय. म्हणून तो 'मीठ चवीपुरतं' म्हणून मोकळा होत नाही.

चौथी गोष्ट तुमच्यापैकी अनेकींनी ऐकली असेल, तिच्यावर २०१९ साली चित्रपटही आला. आफ्रिकेतल्या मलावी देशातला विल्यम कामक्वाम्बा. २००१-०२ मध्ये तिथं दुष्काळ पडला, मका संपला, माणसं भुकेनं मेली. फी भरता येईना म्हणून त्याची शाळा सुटली. गावच्या शाळेतल्या छोट्या ग्रंथालयात तो जाऊन बसायचा. तिथं ऊर्जेवरच्या एका शालेय पुस्तकात त्यानं पवनचक्कीचं चित्र पाहिलं. त्याला इंग्रजी नीट येत नव्हतं. आकृत्या बघून तो शब्दांचा अर्थ लावत गेला. ट्रॅक्टरचा पंखा, सायकलचा सांगाडा, पाइप तापवून चपटा करून केलेली पाती आणि निलगिरीच्या वाशांचा मनोरा. सायकलच्या डायनॅमोसाठी पैसे त्याच्या मित्रानं दिले. गावातली माणसं त्याला वेडा म्हणत होती. दिवा लागला तेव्हा तो चौदा-पंधरा वर्षांचा होता.

चित्रपट दिवा लागण्याकडं नेतो आणि ते योग्यच. पण त्याच्या आत्मकथनात पुढचंही आहे. साखळी निसटायची, मग मनोऱ्यावर चढून ती बसवायची. घरात ओढलेल्या तारांनी छपराला आग लागेल ही भीती होती, म्हणून त्यानं खिळ्यांवर तांब्याची तार गुंडाळून आणि चुंबक वापरून स्वतःच एक कट-आउट केला. मग मोबाइल भरून घ्यायला लोक येऊ लागले. आणि आणखी एक माणूस त्या गोष्टीत आहे, ग्रंथपाल एडिथ सिकेलो. शाळेतून नाव कमी झालेल्या मुलाला त्यांनी पुस्तकं नेऊ दिली. त्या लहानशा कपाटाची देखभाल त्या करत होत्या. तिथं ते पुस्तक जागेवर नसतं, फाटलं असतं, वाळवीनं खाल्लं असतं, तर मनोरा उभा राहिला नसता. मनोऱ्याखाली हेही काम आहे.

एवढं वाचून मी पुतण्याला फोन केला. म्हटलं, "चक्की पुन्हा चढवू. पण माझ्या अटी आहेत." बिजागरीचा खांब, दुमडणारं शेपूट, जागा धुण्याच्या दगडापासून लांब, आणि हे सगळं कागदावर मराठीत लिहून द्यायचं. तो हो म्हणाला. मग लक्षात आलं, की ज्यांच्या डोक्यावर पातं पडणार होतं त्यांना आपण विचारलंच नाही.

मावशींना विचारलं. त्यांनी साडीचा पदर खोचला, गोठ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "चढवा की अक्का. पण खाली कशी उतरवायची ते मला आधी दाखवा."

एवढी पुस्तकं वाचून मला जे सापडलं ते ह्या बाईनं एका वाक्यात सांगितलं.

दिवाळीनंतर पुतण्या आला. खांब जमिनीवर आडवा असतानाच त्यानं आम्हा दोघींना सगळं दाखवलं. वादळाची चाहूल लागली की आधी खटका ओढायचा. मोटरच्या दोन तारा एकमेकींना भिडल्या की चक्की आपोआप जड होते आणि जवळजवळ थांबते. मग एकीनं दोर धरायचा, दुसरीनं तार सोडायची. तिसऱ्या वेळेला आम्हाला त्याची गरज लागली नाही. बॅटरीचं काम माझ्याकडं आहे. डिस्टिल्ड वॉटर घालताना एकदा ॲसिडचे थेंब उडाले आणि माझ्या सुती साडीला बारीक भोकं पडली. तेव्हापासून जुना एप्रन घालते.

सासूबाईंचा प्रश्न वेगळा होता. आमच्याकडं वाऱ्यालाही जीव मानतात, वायुकायिक. सूर्यास्ताआधी जेवण उरकणारं हे घर, दिव्यावर पाखरं येतात म्हणून रात्रीच्या दिव्याचंही त्यांना वावडंच. त्या म्हणाल्या, "पात्यात चिमण्या-पाखरं सापडतात का, ते बघ आधी." पहिला महिनाभर मी रोज सकाळी खांबाखाली फिरून बघत होते. काही मिळालं नाही. सासूबाईंचं समाधान झालं, माझी मात्र सवय राहिली. रोज चक्कीकडं एकदा मान वर करून बघायचं.

खरं सांगायचं तर ह्या चक्कीनं आमचं बिल कमी झालेलं नाही. गोठ्यातला एक एलईडी बल्ब, परसदारी एक, आणि मोबाइल भरायची सोय. वारा पडला की तेही नाही. एका रात्री लाइट गेलेली असताना गाय व्याली तेव्हा गोठ्यात उजेड होता, एवढंच मोठं काम तिच्या खात्यावर आहे. कुणी हौसेनं चक्की करायची म्हणत असेल तर मी आधी हा हिशेब सांगते आणि मग विचारते, की तुझ्यामागं तिच्याकडं कोण बघणार, त्या माणसाला तू विचारलंस का?

आता पुतण्या पुण्याला नोकरीला आहे. फोन केला की आधी आज्जीची तब्येत विचारतो, मग बेअरिंगची. मी एक वही केली आहे. चतुर्दशीला माझा उपवास असतो, स्वयंपाकातून थोडी सवड मिळते, म्हणून तपासणीचा तोच दिवस ठरवला. बोल्ट, तारा, ग्रीस, बॅटरीचं पाणी, आवाज. पाच रकाने आहेत. मावशी वाचू शकत नाहीत, पण त्यांची मुलगी आता आठवीत आहे. मागच्या चतुर्दशीला मी बेळगावात अडकले होते. परत आल्यावर वही उघडली तर त्या तारखेपुढं तिच्या अक्षरात लिहिलं होतं : उत्तरेकडची तार ढिली होती, आईनं आवळली.